फॉरवर्ड बुक करण्याआधी एलईआय बघा: इंदूरच्या निर्यातदारांसाठी

सोयापेंड असो की पीथमपूरची औषधं, माल परदेशी पाठवणारी पेढी बँकेत डॉलरचा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेला आज ठरलेल्या भावाने डॉलर विकण्याचा सौदा, बुक करायला गेली की आधी एलईआय (लीगल एंटिटी आयडेंटिफायर, म्हणजे पेढीचा जगभर चालणारा ओळख-क्रमांक) मागतात. हा बँकेचा जाच नव्हे. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली, तेव्हा कोणाचे कोणाकडे किती अडकलेत हे नियामकांनाही सांगता येईना. म्हणून सप्टेंबर २००९ मध्ये पिट्सबर्गला जी-२० देशांनी ठरवलं की एक्स्चेंजबाहेरचे डेरिव्हेटिव्ह सौदे (फॉरवर्ड हा त्यातलाच) ट्रेड रिपॉझिटरीत, म्हणजे सौद्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, नोंदवायचे. आपल्याकडे ही नोंद सीसीआयएल, म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, हिच्याकडे होते. एकच पेढी पाच स्पेलिंगांनी नोंदली गेली तर बेरीज लागणार कशी? त्यासाठी हा २० अक्षर-अंकांचा नंबर. त्यातले शेवटचे दोन अंक पडताळणीचे.

अर्ज सीसीआयएलच्याच उपकंपनीकडे, एलईआय इंडियाकडे, ऑनलाइन करता येतो. पॅन, नोंदणीचा दाखला, ताळेबंद आणि सही करणाऱ्याच्या नावाचा ठराव स्कॅन करून हाताशी ठेवा. अर्ज अडतो तो बहुतेक नावावर. दाखल्यावर 'अँड सन्स' अक्षरांत असेल तर अर्जात '&' हे चिन्ह टाकू नका. नोंदणी सियागंजच्या पत्त्यावर आणि कारभार पीथमपूरहून चालत असेल, तर दोन्ही पत्ते आपापल्या रकान्यात भरा.

नंबर कायम तोच, पण त्याची नोंदणी वर्षभरच चालते, आणि खरं नुकसान इथेच होतं. समजा, तुम्ही एक लाख डॉलर ८४ रुपयांनी विकून ठेवलेत, जहाज लांबलं आणि मुदतीच्या दिवशी भाव ८६ आहे. सौदा पुढे ढकलणं म्हणजे जुना मिटवून नवा करणं. एलईआय लॅप्स झालेला, म्हणजे नूतनीकरणाविना मुदत संपलेला, असेल तर नवा सौदा होणार नाही. जुना रद्द करताना ८४ आणि ८६ मधला फरक, डॉलरमागे दोन रुपये, म्हणजे दोन लाख, खिशातून जातीलच आणि पुढच्या भावाचं संरक्षणही उरणार नाही. नूतनीकरण महिनाभर आधी करा. ग्लाइफ (GLEIF) या एलईआयची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या साइटवर पेढीचं नाव टाकलं की स्थिती आणि नूतनीकरणाची तारीख फुकट दिसते.

मार्जिनच्या, म्हणजे सौद्यापोटी तारण ठेवायच्या रकमेच्या, आंतरराष्ट्रीय नियमांची धास्ती मात्र नको. बँका आणि रोखे बाजारांच्या नियामकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी आखलेल्या २०१३ च्या बासेल-आयोस्को चौकटीत इनिशियल मार्जिन (सुरुवातीचं तारण) ८ अब्ज युरोंवर सौदे असणाऱ्यांसाठी आहे, आणि प्रत्यक्ष डॉलर देऊन मिटणारे फॉरवर्ड त्यातून वगळलेत. बँक डिपॉझिट मागते ते तिच्या स्वतःच्या जोखमीपोटी. त्यावर घासाघीस जरूर करा.

बँक बदलली तरी नंबर तोच राहतो. कोणी नवा काढायला सांगितलं तर काढू नका. एका पेढीला एकच एलईआय असतो.