हिवाळ्यात शहर फिरायला जाताय? जाड कोटापेक्षा थरांचा विचार करा

हिवाळ्यात शहर फिरताना नुसत्या थंडीचा त्रास तसा कमीच होतो, खरा त्रास होतो तो तापमान सारखं बदलण्याचा. सकाळी निघताना तापमान शून्याच्या आसपास, अकरापर्यंत ऊन पडून ८-१० डिग्री, मेट्रोत शिरलात की गर्दीत उकडायला लागतं, म्युझियममध्ये हीटरमुळे २०-२२, बाहेर आलात तर भुरभुर पाऊस नि बोचरं वारं, आणि सूर्य कलला की परत गारठा. डोंगरात फिरणारा माणूस निदान दिवसभर थंडीतच असतो, शहरात मात्र आपण दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर करत राहतो. त्यामुळे कुठलाही कपडा बॅगेत टाकायच्या आधी मी एकच बघते, हा चटकन उघडता येतो का, काढता येतो का आणि काढल्यावर छोट्या सॅकमध्ये मावतो का. खूप जाड एकच कोट इथेच नापास होतो, कारण त्याच्या दोनच अवस्था, घातला की उकडतंय आणि काढला की कुडकुडताय, आणि वर तो हातावर घेऊन हिंडायचं ते वेगळंच.

म्हणून तीन थर.

आतला थर अंगाला लागून, पातळ आणि कॉटनचा अजिबात नको. हे मी अगदी जीव तोडून सांगते कारण बहुतेक जण आत रोजचा कॉटनचा टीशर्ट घालतात आणि वर महागडं जॅकेट, आणि मग दुपारी विचारतात की एवढं घालूनही हुडहुडी का भरतेय. जिने चढताना, मेट्रो पकडायला पळताना घाम येतो, कॉटन तो पिऊन घेतं आणि वाळायचं नाव घेत नाही. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे अंगाला चिकटलेला ओला कपडा म्हणजे थंडीला आत बोलावणंच आहे. मेरिनो लोकर सगळ्यात छान, ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा धाग्यात घेऊनही ओलसर लागत नाही, शिवाय वास पटकन धरत नाही त्यामुळे चार-पाच दिवसांच्या ट्रीपला दोन बनियन पुरतात. ती परवडत नसेल किंवा टोचत असेल तर पॉलिएस्टरचं थर्मल घ्या, वाळतं पटकन, फक्त रात्री धुवावं लागतं.

मधला थर उबेसाठी. ऊब खरं तर कपड्यात अडकलेल्या हवेची असते, त्यामुळे एका जाडजूड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे, मधेही हवा राहते आणि एक काढायची सोय राहते. फ्लीस (मऊ, केसाळ कृत्रिम कापड) किंवा पातळ लोकरी स्वेटर, आणि शक्यतो समोरून पूर्ण चेन असलेला, डोक्यावरून काढायचा नको. पिसांचं पफर जॅकेट हलकं नि खूप उबदार असतं पण भिजलं की पिसं बसतात, फुगीरपणा जातो आणि ऊबही जाते, म्हणून पावसाची शक्यता असेल तिथे ते बाहेरचा थर म्हणून नको, वॉटरप्रूफ शेलच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बाहेरच्या जॅकेटच्या आत घाला, नाहीतर कृत्रिम भरणाचं घ्या, ते ओलं झालं तरी बऱ्यापैकी तग धरतं.

बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवायला, ऊब देणं हे त्याचं काम नाही. लेबलवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असेल तर ते हलकी भुरभुर सोसतं, तासभर पावसात चालायचं असेल तर ‘वॉटरप्रूफ’ हवं आणि शिलाईवर आतून टेप मारलेली हवी, कारण पाणी बहुतेकदा शिलाईतूनच आत येतं. लांबी कमरेखाली जाणारी, टोपी घट्ट करता येणारी, आणि काखेत चेन असली तर सोन्याहून पिवळं, जॅकेट न काढता आतली गरम हवा बाहेर जाते. विकत घेताना आतले दोन्ही थर घालून बघा आणि हात डोक्यावर नेऊन बघा, खांद्यात अडकलं तर एक साईज मोठी. हुड चांगला असला की छत्रीची गरज फारशी उरत नाही, उंच इमारतींच्या मधून वारा असा सुटतो की छत्री उलटीच होते.

वाऱ्यावरून आठवलं, हवामानाच्या ॲपमध्ये नुसता तापमानाचा आकडा बघून कपडे ठरवू नका. ५ डिग्री आणि ताशी ३० किलोमीटर वारं असेल तर उघड्या कातडीला ते शून्यासारखं लागतं, आणि शून्य असेल तर तेवढ्याच वाऱ्यात उणे ६ सारखं. या हिशोबाची सुरुवात अंटार्क्टिकात झाली, १९४० च्या सुमारास सायपल आणि पॅसल या दोन संशोधकांनी वाऱ्यात टांगलेल्या डब्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं, आज वापरतात तो सुधारित फॉर्म्युला २००१ चा. मुद्दा एवढाच की ‘फील्स लाइक’, म्हणजे वारा धरून अंगाला जाणवणारं तापमान बघा, तासातासाचा अंदाज बघा, आणि परत यायच्या वेळचा आकडा नक्की बघा, फक्त निघतानाचा नको.

आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही, उणे ७ च्या कोरड्या दिवसापेक्षा अधिक २ चा ओला दिवस जास्त छळतो. कोरडा बर्फ अंगावर पडला तर झटकून टाकता येतो, शून्याच्या जरा वरची भुरभुर आणि रस्त्यावरचा चिखलबर्फ मात्र कपड्यात, बुटात मुरतो आणि मग दिवसभर ते काही वाळत नाही. म्हणून अंदाज शून्याच्या आगेमागे घुटमळत असेल तर उबेपेक्षा कोरडं राहण्याकडे जास्त लक्ष द्या.

पायांचं काय. आत थर्मल आणि वर जीन्स हा सगळ्यांचा आवडता जोड, पण दोन अडचणी, जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही, आणि म्युझियममध्ये उकडायला लागलं तर थर्मल काढणार कुठे? शून्याच्या वर असेल तर थर्मल घालूच नका, थोडी जाड, पटकन वाळणारी पँट घाला. उणेमध्ये गेलं तर मग थर्मल हवंच.

बुटांवर मात्र पैसे आणि वेळ दोन्ही घालवा, शहरात दिवसभर दगडी फरशीवर चालणं आणि रांगेत उभं राहणं होतं आणि थंडी तळव्यातून वर चढते. तळ जाड, रबराचा, खोल खाचांचा हवा, वरचा भाग पाणी न शिरणारा, आणि मोजे घालून बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. दोन जोड मोजे कोंबून घातले तर पाय आणखी गार पडतात कारण रक्त नीट फिरत नाही आणि हवेला जागा उरत नाही, एकच लोकरी जोड पुरे, दुसरा कोरडा जोड सॅकमध्ये ठेवा. दुपारी मोजे बदलले की काय बरं वाटतं ते करूनच बघा! बूट नवे असतील तर घरी आठवडाभर वापरून मगच न्या. रात्री भिजलेले असतील तर आतलं पॅड काढून कागदाचे बोळे भरा, तासा-दोन तासाने बोळे बदला, हीटरवर ठेवू नका, चामडं कडक होतं आणि गोंद सुटतो. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग ओल्या फडक्याने त्याच रात्री पुसा. आणि निसरडं असेल तर छोटी पावलं टाका, हात खिशाबाहेर.

टोपी, मफलर, हातमोजे. डोक्यातून अर्धी उष्णता जाते असं म्हणतात ते खरं नाही, डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण दहा टक्के आहे आणि उष्णताही साधारण तेवढीच जाते, पण कान झोंबतात म्हणून कानटोपी हवीच. मफलर मला सगळ्यात कामाचा वाटतो, सैल केला की गरम हवा बाहेर, आवळला की ऊब आत, आणि काढून खिशात टाकायला काही लागत नाही. हातमोजे असे घ्या की स्क्रीनवर बोट चालेल, नाहीतर नकाशा बघायला दर पाच मिनिटाला काढाल आणि त्यातला एक कुठेतरी हरवेल. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

आता हे सगळं वापरायचं कसं, कारण थर घालून ते उघडायचा आळस केला तर काही उपयोग नाही. निघताना पहिली पाच मिनिटं किंचित गार वाटलं पाहिजे, चालायला लागलं की अंग तापतं. चढ किंवा जिना दिसला की चेन आधीच उघडा, घाम आल्यावर नको. आत शिरल्या शिरल्या टोपी-हातमोजे काढून ठरलेल्या एकाच खिशात टाका, दहा मिनिटांपेक्षा जास्त बसणार असाल तर जॅकेटही काढा, क्लोकरूम असेल तर तिथे द्या. आणि बाहेर पडताना दाराच्या आतच सगळं बंद करून घ्या, फुटपाथवर उभं राहून चेन लावेपर्यंत आतली ऊब निघून गेलेली असते.

बरोबर लहान मूल असेल आणि ते बाबागाडीत बसणार असेल तर त्याला तुमच्यापेक्षा एक थर जास्त घाला, तुम्ही चालताय म्हणून तापताय, ते बसूनच आहे. ज्येष्ठ माणसं हळू चालतात, मधेमधे बाकावर बसतात, त्यांनाही हेच लागू, आणि थंडी वाजतेय हे ते बरेचदा उशिरा सांगतात, त्यामुळे विचारत बसू नका, मधून मधून त्यांचा हात हातात घेऊन बघा. बोटं गार लागली तर जवळचं गरम ठिकाण गाठा आणि थोडा वेळ बसवा, यादीतलं पुढचं ठिकाण उद्या बघता येईल.