जुन्या मोटारसायकलीचा ब्रेक : नट आवळण्याआधी काय तपासावे

ब्रेक कमी लागतो म्हटले की मागच्या चाकाजवळचा नट दोन आटे आवळायचा, ही आपल्याकडची रूढ रीत आहे. साठ-सत्तर हजार किलोमीटर धावलेल्या गाडीत हा उपाय बहुधा दुखणे झाकतो. कारण नट आवळल्याने ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेक शूवरचे लायनर, म्हणजे झिजलेला थर, जाड होत नाही, फक्त ब्रेकची दांडी अधिक ओढली जाते.

म्हणून आधी गाडी डबल स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे. ते अडखळत असेल तर ब्रेक चिकटत आहे. त्यानंतर कोणाला तरी पायडल पूर्ण दाबून धरायला सांगून ड्रमच्या झाकणावरचा लहान बाण पाहावा. तो तेथील खुणेपर्यंत पोहोचला असेल, तर नटला हात न लावता ब्रेक शू बदलावेत.

चाक काढल्यावर ड्रममध्ये बारीक काळी भुकटी दिसेल. ती तोंडाने फुंकू नये; जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. आपल्या काळ्या मातीच्या गाऱ्यातून पावसाळाभर फिरलेल्या गाडीत खरा दोष पुष्कळदा शूमध्ये नसून ते फाकवणाऱ्या कॅममध्ये असतो. त्याच्या दांड्यावर गंज चढला की पायडल सोडले तरी शू मागे येत नाहीत. कॅम काढून पॉलिश पेपरने घासावा व ग्रीसचा पातळ हात द्यावा. लायनरला मात्र ग्रीसचे बोटही लागू देऊ नये. जोडणी झाल्यावर पायडल साधारण दोन ते तीन सेंटिमीटर मोकळे खाली जाईल इतकाच नट आवळावा.

पुढे डिस्क असेल तर लिव्हर काय सांगते ते पाहावे. दाबताना ती स्पंजासारखी लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या नळीत हवा आहे. दाबून धरली असता हळूहळू आत जात असेल आणि बाहेर कोठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे लिव्हरजवळच्या ऑइल ढकलणाऱ्या पंपाचे, रबर गेले आहे. लिव्हर हाताला धक्के देत असेल तर डिस्क वाकडी झाली असण्याची शक्यता अधिक.

कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरताना माझी लिव्हर एकदा थेट मुठीला टेकली होती. पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावर ती पूर्ववत झाली, म्हणून मी दोष मे महिन्याच्या उन्हाला दिला. वस्तुतः डॉट ३ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाने त्याचे काय बिघडणार? मात्र ते हवेतील ओलावा शोषते आणि मग ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने तापून असे ऑइल उकळते, आणि लिव्हर दाबली की नुसती वाफच दबते. माझ्या गाडीतील ऑइल चार वर्षे बदललेले नव्हते. दर दोन वर्षांनी ते बदलावे आणि ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच भरावे.

हवा काढण्यासाठी डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या निपलला, म्हणजे त्यावरच्या लहान तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवावे. लिव्हर तीन-चार वेळा दाबून मग दाबलेलीच धरून ठेवावी, निपल पाव फेरा सैल करावे, बुडबुडे बाहेर पडले की ते आवळावे आणि मगच लिव्हर सोडावी. हा क्रम चुकला तर हवा परत आत शिरते. वरच्या ऑइलच्या टाकीतील पातळी मधूनमधून पाहत राहावे. रंगावर ऑइल सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो. पॅडवर ऑइल गेले असेल तर ते पॅड बदलावेतच. पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर येथे करू नये.

गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहावी, नंतर रिकाम्या रस्त्यावर अगदी कमी वेगात दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहावेत. मागच्या ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा बोल्ट आणि त्यातील पिन हे घाईत हमखास राहून जाते. गाडी गॅरेजमधून आणली असली तरी ती पिन वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.