आजी-आजोबांनी आणलेली भेट अडचणीची ठरते तेव्हा: या चुका टाळा

वाढदिवस उरकला की दुसऱ्या दिवशी सकाळी घरात काय उरतं ते पाहा. दीड वर्षाच्या बाळासाठी दोनशे तुकड्यांचा ठोकळ्यांचा संच. बाळाहून उंच टेडी अस्वल. पाय टेकणार नाहीत अशी सायकल. आणि एकदा बटण दाबलं की गाणं संपेपर्यंत न थांबणारी गाडी. आणणाऱ्याचा जीव नातवंडात गुंतलेला असतो आणि घर सांभाळणाऱ्याचा मेटाकुटीला आलेला. त्या वस्तूचं काय करायचं हे खरं तर दहा मिनिटांत ठरवता येतं. नातं दुखावतं ते भलत्या वेळी, भलत्या माणसाने, भलत्या शब्दांत बोलल्यामुळे.

सगळ्या भेटी एकाच तराजूत तोलणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मोठ्या अस्वलावर कुरकुर, भडक रंगाच्या फ्रॉकवर कुरकुर आणि तेवढ्याच आवाजात चुंबकाच्या गोळ्यांवरही कुरकुर केली, तर आजीला एकच गोष्ट ऐकू येते: यांना आमचं काहीच चालत नाही. खरा धोका त्या गोंगाटात हरवतो. म्हणून भेटींचे आधी दोन ढीग करा, धोक्याच्या आणि गैरसोयीच्या. पहिल्या ढिगाबाबत वाटाघाट नाही, दुसऱ्याबाबत जमेल तितकं नमतं घ्या.

धोक्याच्या ढिगात काय जातं ते नीट पाहू.

छोटे तुकडे. खेळणी तपासायचं प्रमाणित नळकांडं 31.7 मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यात पूर्ण मावणारा तुकडा 3 वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. घरी टॉयलेट पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, त्यामुळे तपासणी जरा कडकच होते आणि ते बरंच. फक्त सुटे तुकडे टाकून थांबू नका. बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं, टोपीचा गोंडा चिमटीत धरून जोर लावून ओढा. निघून आलं आणि नळीत गेलं, तर खेळणं वरच्या कपाटात.

खोक्यावरचं लाल वर्तुळ, त्यात 0-3 हा आकडा आणि तिरकी रेघ, हे चिन्ह पाहूनही 'आपली नात हुशार आहे, तिला जमेल' म्हणून खेळणं आणलं जातं. या चिन्हाचा हुशारीशी संबंध नाही. या वयात श्वासनलिका अरुंद असते आणि हाताला लागेल ते तोंडात जातं, म्हणून ते चिन्ह असतं. आजी-आजोबांना नेमकं हेच कारण सांगा. 'नियम आहे' म्हटल्याने पटत नाही, यामुळे पटतं.

बटण सेल, म्हणजे बटणासारखा चपटा गोल सेल. गाणारी शुभेच्छापत्रं, दिवे लागणारे बूट, छोटे रिमोट, चमकणाऱ्या अंगठ्या या सगळ्यांत तो असतो. 20 मिलिमीटर व्यासाचा 3 व्होल्टचा लिथियम सेल सर्वांत घातक. अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यातून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि 2 तासांत ऊती खोलवर भाजू शकतात. खेळण्यातून काढलेला 'संपलेला' सेलही एवढं करू शकतो. सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते पाहा. नखाने उघडत असेल तर खेळणं बाद. शुभेच्छापत्राला तर बहुतेकदा झाकणच नसतं. कागदाचे दोन थर सोलून आतली चकती आणि सेल काढून टाका, पत्र जपून ठेवा. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठा, एक्स-रे काढावा लागतो. उलटी करवायची नाही. 'शौचातून पडेल' म्हणून वाट पाहायची नाही. नाकात किंवा कानात गेलेला सेलही तितकाच तातडीचा.

चुंबकाच्या गोळ्या एकीहून जास्त पोटात गेल्या की आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वळणांतून एकमेकींना चिकटतात. मधली भिंत चिमटली जाते आणि तिला भोक पडू शकतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी गिळल्यावर आतड्यात फुगून ते तुंबवतात. रबरी फुग्याचा फुटका तुकडा घशावर झाकणासारखा बसतो, म्हणून 8 वर्षांखालच्या मुलाजवळ न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा राहू देऊ नका. हे तीनही प्रकार स्वस्त आणि दिसायला गोड असतात, त्यामुळे भेटीत हमखास येतात.

दोरीचं खेळणं दीड वर्षाखालच्या मुलासाठी असेल तर दोरी 22 सेंटीमीटरपेक्षा लांब नको. जास्त असेल तर कापून टोकाला गाठ मारा, खेळणं वाचतं. पाळण्यावर टांगलेली झुंबरं बाळ हातापायांवर उठू लागलं किंवा 5 महिन्यांचं झालं की काढायची. आणि मऊ अस्वल, उशी, गोधडी कितीही प्रेमाने आलेली असो, पहिलं वर्षभर झोपेच्या जागी ठेवायची नाही. जागेपणी खुशाल द्या.

आता दोन नाजूक भेटी. एक म्हणजे बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर. 'यात बसलं की लवकर चालतं' हा समज पक्का असतो, पण त्याने चालणं लवकर येत नाही. उलट मूल क्षणात जिन्याशी किंवा शेगडीशी पोचतं. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. हातांनी ढकलत चालायचा पांगुळगाडा वेगळा. तो, आसपास जिना नसेल तर, लक्ष ठेवून चालतो. नाही म्हणताना हा पर्याय सुचवला तर आजोबांची हौसही राहते.

दुसरी भेट म्हणजे घरात जपलेला जुना पाळणा किंवा कठड्याची खाट. हिला नकार देताना सर्वांत जड जातं, कारण त्यात कुणीतरी वाढलेलं असतं. तरी मोजपट्टी लावा. दोन गजांमधली फट 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा एक बाजू खाली सरकणारी असेल, तर बाळाला त्यात झोपवू नका. सरकत्या बाजूच्या खाटांची विक्री अमेरिकेत 2011 पासून बंद आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो घरी घासून काढायला जाऊ नका, धूळ जास्त वाईट. खाट खोलीच्या कोपऱ्यात, बाळाच्या हाताला लागणार नाही अशी, बाहुल्या आणि पुस्तकं ठेवायला वापरली तर तिचा मान राहतो.

'वाढत्या अंगाचं' म्हणून सगळंच ठेवून घेणं

कपड्यांना ही रीत बरोबर आहे. मोठे कपडे धुऊन, वयाची चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. एवढंच पाहा की तो आकार मुलाला येईल तेव्हा ऋतू कुठला असेल. 6 महिन्यांनी उन्हाळ्यात बसणारा लोकरीचा कोट लगेच बदलून घेतलेला बरा. मोज्यांच्या आतले सुटे धागे कापा, ते बोटाभोवती आवळले जातात.

बुटांना आणि सायकलीला मात्र वाढतं अंग चालत नाही. बुटात सर्वांत लांब बोटापुढे साधारण 1 सेंटीमीटर जागा पुरे. त्याहून सैल बुटात मूल पाय घासत चालतं आणि अडखळतं.

सायकल अशी तपासा. मुलाला अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभं करा. दोन्ही पायांच्या मधे जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरून वर, अंगाला टेकेपर्यंत सरकवा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. सीट सर्वांत खाली आणल्यावर तिची उंची या मापाएवढी किंवा कमी असेल तर दोन्ही तळवे जमिनीवर टेकतील आणि सायकल आजच देता येईल. 2-3 सेंटीमीटरनेच जास्त असेल तर काही महिने थांबा. सीट बसते पण पॅडल मारणं जमत नाही, अशा वेळी दोन्ही पॅडल काढून टाका. पाय मारत तोल सांभाळायला मूल त्यावरच शिकतं. बहुतेक पॅडलना 15 मिलिमीटरचा पाना लागतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. इथेच लोक उलट्या बाजूने जोर लावून आटे खराब करतात. आणि पॅडल काढली की मागे दाबून लागणारा ब्रेकही गेला, म्हणून हाताचा ब्रेक चालतो का ते आधी पाहा.

'बिघडलंय' असं सांगून गप्प करणं

आवाज करणाऱ्या खेळण्याचे सेल काढायचे आणि मुलाला 'बिघडलं' म्हणायचं, हा उपाय आजोबा येईपर्यंत टिकतो. मूल त्यांना सांगतं, ते नवे सेल टाकतात, खेळणं गाऊ लागतं आणि सगळ्यांसमोर तुमचं बोलणं खोटं पडतं.

त्यापेक्षा आवाजच उतरवा. खेळणं उलटं करा, बारीक भोकांची जाळी सापडेल, स्पीकर त्याच्या मागे असतो. जाळी कोरड्या फडक्याने पुसा आणि रुंद पारदर्शक चिकटपट्टीचे दोन थर बसवा. वाजवून पाहा, अजून मोठा वाटला तर तिसरा थर. कडा बोटाने दाबून पक्क्या करा, नाहीतर मूल सोलून तोंडात घालेल. आवाज हातभर अंतरावरून जोखू नका. मुलं खेळणं कानाला लावतात, तुम्हीही लावून पाहा. तुमच्या कानाला बोचला तर त्यांच्याही कानाला बोचतो. उरलेला प्रश्न वेळेचा. 'हे दुपारच्या झोपेनंतरचं खेळणं' असं उघडपणे ठरवा, मुलं ते पाळतात.

खेळणं महिनाभर कपाटात जाणार असेल तर सेल काढूनच ठेवा. अल्कलाइन सेल पाझरून पत्र्यावर पांढरी खपली धरली असेल तर हातमोजे घालून, व्हिनेगरच्या थेंबात कापसाचा बोळा बुडवून पुसा आणि पूर्ण वाळवा.

आलं ते सगळं एकदम समोर मांडणं

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. 18 ते 30 महिन्यांच्या मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून चार-पाच खेळणी बाहेर ठेवा, बाकीची खोक्यात, आणि दोन आठवड्यांनी अदलाबदल. आजी येणार त्या आठवड्यात तिने आणलेलं खेळणं बाहेरच्या चारांत असू द्या.

चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाने बोलणं

भेट उघडताना काहीही बोलू नका. त्या क्षणी मूल, देणारा आणि पाहुणे सगळे तिथे असतात, आणि नकार प्रेमालाच दिल्यासारखा वाटतो. धोक्याची वस्तू असेल तर 'हे आधी मी जोडून देते' म्हणत शांतपणे हातात घ्या. बोलणं दोन-तीन दिवसांनी, मुलाच्या माघारी.

बोलायचं ज्याचे आई-वडील त्याने. सुनेने सासूबाईंना किंवा जावयाने सासऱ्यांना सांगितलेलं तेच वाक्य दुप्पट टोचतं. नवऱ्याने आई-वडिलांशी बोलताना 'ती म्हणते की' अशी सुरुवात केली तरीही परिणाम तोच, म्हणून निर्णय आपला म्हणून सांगा.

'काही आणू नका' हे वाक्य टाळा. ते कुणी ऐकत नाही आणि ऐकलं तर देणाऱ्याचा आनंद जातो. आजी-आजोबा चुकीचं आणतात कारण त्यांना आकार, वय आणि घरातली जागा ठाऊक नसते. तीच माहिती द्या, वाढदिवसाच्या तीन-चार आठवडे आधी, म्हणजे खरेदी झालेली नसते. असं:

'बाबा, ओवीला यंदा तीन गोष्टींतलं काहीही चालेल: बारा जाड ठोकळे, रेनकोट (उंची 92 सेंटीमीटर), नाहीतर तुम्ही वाचून दाखवाल अशी दोन पुस्तकं. बुटांचं माप तिचा पाय पुठ्ठ्यावर आखून पाठवतो. आणि घसरगुंडी घ्यायची असेल तर तुमच्याकडेच ठेवू या, इथे 60 सेंटीमीटरचाच कोपरा मोकळा आहे.'

तीन पर्याय असले की निवड त्यांचीच राहते. एकच वस्तू सांगितली की ती फर्माईश वाटते. घसरगुंडी, तंबू, मोठं अस्वल अशा वस्तू त्यांच्या घरी ठेवायचा प्रस्ताव बहुतेकदा आवडतो, कारण मग नातवंड तिथे जायला मागतं.

न सांगता देऊन टाकणं

'ते अस्वल कुठंय?' हा प्रश्न कधीतरी येतोच. पहिल्या आठवड्यातच मुलाचा त्या भेटीबरोबर खेळतानाचा छोटा व्हिडिओ पाठवा. आजीला तेच हवं असतं. मूल वस्तूकडे ढुंकून पाहत नाही हे दोन-तीन महिन्यांत कळलं की देण्याआधी विचारा: 'आता याला लहान होतंय, तुझ्याकडे ठेवायचं की कुणाला देऊ?' स्वतःच्या हाताने विणलेली, शिवलेली किंवा घराण्यात चालत आलेली वस्तू मात्र कुणाला देऊ नका. नको असेल तर परत त्यांच्याच हाती द्या.

सांगूनही पहिल्या ढिगातली वस्तू पुन्हा आली, तर आवाज न चढवता तेच कारण तितक्याच थोडक्यात सांगा आणि बदलायची पावती मागून घ्या. पुढच्या वेळी भेट मुलाच्या हाती जाण्याआधी दाराशीच पिशवी घ्या, आजीबरोबर खोलीत बसून खोका उघडा आणि नळीची तपासणी तिच्याच हातून करून घ्या.