पाकिटावरचं नाव आपलंच राहावं म्हणून: गोव्यातल्या छोट्या धंद्यांसाठी ट्रेडमार्क

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काजूगरांची पाकिटं चाळून बघा. 'गोवा', 'काजू', 'स्पेशल' हेच शब्द उलटसुलट मांडलेले. असं नाव नोंदवायला गेलात की १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ आडवं येतं. मालाचं नुसतं वर्णन करणारा किंवा प्रदेश सांगणारा शब्द सहसा एकट्याला मिळत नाही. बरीच वर्षं वापरून लोकांत त्याची ओळख झाली असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून अर्जाच्या आधी नाव. डिचोलीच्या आमच्या एका वहिनींनी खाज्याच्या पाकिटाला आजीच्या म्हशीचं नाव द्यायचं ठरवलं. घरचे हसले. पण खाज्याशी त्या नावाचा काडीचा संबंध नाही, हीच त्याची ताकद!

मग ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घ्यावा. स्पेलिंगपुरतं थांबू नका, उच्चार जुळतो का तेही तपासा. वहिनींच्या नावासारखंच ऐकू येणारं एक नाव मिठाईच्या वर्गात आधीच निघालं. लेबलं छापायची बाकी होती म्हणून बरं. दुसरं नाव शोधण्यावर निभावलं.

नोंदणीसाठी माल आणि सेवांचे वर्ग पाडलेत, एकूण ४५. भाजलेले काजूगर २९मध्ये, खाजे ३०मध्ये, फेणी ३३मध्ये, खानावळ किंवा शॅक ४३मध्ये. शुल्क वर्गागणिक लागतं, तेव्हा हौसेने चार वर्ग घेऊ नका.

अर्ज टीएम-ए या फॉर्मवर. गोवा मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो, पण ऑनलाइन भरला तर जायची गरज नाही. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योग म्हणून सवलत हवी तर 'उद्यम' हे लघुउद्योग नोंदणीचं सरकारी प्रमाणपत्र जोडा. नाव आधीपासून वापरात असेल तर पहिल्या वापराची तारीख, प्रतिज्ञापत्र आणि जुनी बिलं लागतात. आणि अर्ज कुणाच्या नावे, हे घरात आधी ठरवा. भावाभावांत धंदा वाटला जातो तेव्हा नाव कुणाचं यावरूनच पहिला वाद पेटतो.

अर्जानंतर खरी परीक्षा ईमेलची. ट्रेडमार्क कार्यालय अर्ज तपासून अहवाल पाठवतं; त्यात हरकत आली तर तो मिळाल्यापासून महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. राहिलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. चतुर्थीच्या धामधुमीतही इनबॉक्स उघडा. हरकत मिटली की नाव सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं आणि पुढचे चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतो. कुणी आलं नाही, तर प्रमाणपत्र. तोवर पाकिटावर 'टीएम' चालतं. वर्तुळातला 'आर' नोंदणीनंतरच, आधी छापणं बेकायदा आहे.

फेणी, खाजे, बिबिंका यांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते त्या मुलखाच्या मालाचं. तुमच्या दुकानाचं नाव त्याने राखलं जात नाही.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण. पण सलग पाच वर्षांहून जास्त नाव वापरलं नाही, तर ते काढून टाकण्याची मागणी दुसरा कुणी करू शकतो. म्हणून बिलबुकं रद्दीत घालू नका. कुणी तुमच्या नावाने माल विकताना दिसला, तर आधी त्याचं एक पाकीट विकत घ्या, बिलासकट; वकिलाची नोटीस त्यानंतर.