देवाची आज्ञा पाळताना आपण कुठे अडखळतो? या चुका टाळा

रविवारी उपासनेत आपण जे कबूल करतो आणि सोमवारपासून जसे वागतो, त्यांत अंतर असते हे मंडळीतल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. पाळकसाहेब त्यावर उपदेश करतात, घरोघरच्या प्रार्थना सभांत त्यासाठी प्रार्थना होते, उत्तम शुक्रवारच्या आधीच्या आठवड्यांत निश्चयही होतात. तरी अंतर राहतेच. माझ्या मते याचे कारण दर वेळी विश्वास कमी पडणे हे नसते. समोरची, लहान आणि आधीच कळलेली गोष्ट सोडून आपण दूरची, मोठी आणि चारचौघांना दिसणारी गोष्ट शोधत राहतो. खालच्या बऱ्याचशा चुका या एकाच चुकीच्या पोटी जन्मलेल्या आहेत.

कळलेले बाजूला ठेवून मार्गदर्शनाची वाट पाहणे

नोकरी बदलावी का, परदेशी जावे का, मुलीचे लग्न कुठे ठरवावे, यासाठी देवाची इच्छा कळावी म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती प्रत्येक मंडळीत ऐकू येते. विनंती योग्यच आहे. पण देवाला आपल्याकडून काय हवे हे पवित्र शास्त्र जिथे सरळ सांगते, तिथे शहराचे किंवा कंपनीचे नाव येत नाही. मीखा ६:८ मध्ये न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवासमोर नम्रपणे चालणे एवढेच मागितले आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात देवाची इच्छा म्हणजे तुमचे पवित्रीकरण असे म्हणून प्रेषित पौल लगेच जारकर्मापासून दूर राहण्याबद्दल बोलतो. ज्या आज्ञेबद्दल काही शंकाच नाही ती बाजूला ठेवून आपण नव्या आज्ञेसाठी रात्रभर जागरण करतो, आणि उत्तर मिळत नाही म्हणून खंत करतो.

अरामी सेनापती नामान इथेच अडला होता (२ राजे ५). कोड बरे व्हावे म्हणून तो सोने, चांदी आणि उंची वस्त्रे घेऊन आला. संदेष्टा स्वतः बाहेर येईल, देवाचा धावा करील, अशी त्याची अपेक्षा होती. त्या संदेष्ट्याने, अलीशाने, फक्त निरोप पाठवला: यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान रागावून परत निघाला. एखादी अवघड गोष्ट सांगितली असती तर तुम्ही केलीच असती ना, हे त्याच्या चाकरांनी त्याला विचारले, म्हणून तो वाचला.

उपाय साधा आहे. पुढच्या वेळी मोठ्या निर्णयासाठी प्रार्थनेला बसाल, तेव्हा आधी वहीत लिहून काढा: मला काय कळलेले आहे आणि तरी मी ते केलेले नाही? कोणाचे उसने परत करायचे आहेत, कोणाशी अबोला आहे, कोणाला दिलेला शब्द राहून गेला आहे. त्यातले एक आजच करा. मोठ्या निर्णयाचे उत्तर त्यामुळे आपोआप मिळेल असे आश्वासन मी देत नाही. पण ज्याने सांगितलेले ऐकायची तयारी नाही त्यालाच आणखी सांग म्हणणे, हे तरी थांबेल.

पंडिता रमाबाईंचे काम आज आपल्याला अफाट वाटते. ते सुरू कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. त्यांचे आईवडील दक्षिणेतल्या दुष्काळात गेले तेव्हा त्या अजून किशोरवयात होत्या. उपासमार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्याकडे पुण्यातले शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा होती आणि केडगावला शेतजमीन होती. त्या दुष्काळी भागात गेल्या आणि विधवांना, अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. माहीत असलेले दुःख आणि हाताशी असलेली जमीन, एवढ्यावर आज्ञापालनाची सुरुवात झाली.

भक्ती वाढवून आज्ञेची भरपाई करणे

ही चूक सर्वांत जुनी आणि धार्मिक माणसांत सर्वांत जास्त. सगळे नष्ट करण्याची आज्ञा असूनही शौल राजाने अमालेकी शत्रूंची उत्तम मेंढरे आणि गुरे राखून ठेवली आणि विचारल्यावर सांगितले, परमेश्वराला यज्ञ करण्यासाठीच ठेवली आहेत. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, हे शमुवेल संदेष्ट्याचे उत्तर (१ शमुवेल १५:२२) आपल्यातल्या अनेकांना पाठ आहे.

आपल्याकडे ती अशी दिसते. गावाकडच्या जमिनीवरून दोन भावांचे बोलणे तुटलेले असते. दोघेही एकाच मंदिरात येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात, दोघेही प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षारस, घेतात. एक गायनात पुढे असतो, दुसरा उपवास-प्रार्थना चुकवत नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीतली भांडणेही अशीच वर्षानुवर्षे चालतात आणि कधी कधी कोर्टात पोचतात. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू येशू अर्पण वेदीजवळच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा म्हणतो. त्या वचनात ज्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे अशा भावाबद्दल बोलले आहे. म्हणजे राग त्याला असला तरी उठून जायचे आपणच. “मी मनातून केव्हाच क्षमा केली आहे” हे म्हणणे त्या आज्ञेला पुरत नाही, कारण तिथे चालत जायला सांगितले आहे.

जायचे कसे, यात पुष्कळ जण घोटाळा करतात, म्हणून थोडे सविस्तर. एकटे जा, तिसऱ्याला साक्षीला घेऊन गेलात तर समोरचा बचावाला उभा राहतो. व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर पाठवू नका. आपल्याकडून काय चुकले तेवढेच बोला, नेमके बोला. “काही चुकलं असेल तर माफ कर” यात कबुली नसते. “आईच्या आजारपणातला खर्च मी वाटून घेतला नाही, ते माझं चुकलं,” यात आहे. त्याचे काय चुकले ते त्या दिवशी काढूच नका. आणि जमिनीचा वाटा खरोखर त्याचा असेल, तर शब्दांबरोबर सातबाराही दुरुस्त व्हायला हवा. त्याने दार उघडले नाही तर? रोमकरांस १२:१८ मध्ये पौल शांतीने राहायला सांगतो, पण तुमच्याकडून होईल तितके, अशी मर्यादा घालून. तुमच्याकडचे झाले की आता प्रभुभोजनाला मोकळ्या मनाने जा.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईला “सहन कर, प्रार्थना कर, घर मोडू नकोस” असे सांगणे हे समेटाच्या आज्ञेचे पालन नाही. तो त्या आज्ञेचा दुरुपयोग आहे. क्षमा करणे वेगळे आणि धोक्यात परत जाणे वेगळे. अशा वेळी मंडळीने तिला आणि मुलांना सुरक्षित जागी नेले पाहिजे, पोलिसांकडे जाताना तिच्याबरोबर गेले पाहिजे. आज्ञा मोडली आहे ती मारणाऱ्याने, आणि पाळकाने जाब विचारायचा तो त्याला.

दशांश काटेकोर, मजुरी उशिरा

पैशाच्या बाबतीत आपण दशांशावर, म्हणजे देवाला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागावर, जितके बोलतो त्याच्या पावपट तरी मजुरीवर बोलायला हवे. मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा ठेवून घेऊ नको, असे लेवीय १९:१३ सांगते. शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असे याकोब ५:४ मध्ये आहे. घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार दहा तारखेपर्यंत लांबवणे, तापाने झोपल्या त्या दिवसांचे पैसे कापणे, रंगारी, सुतार, रिक्षावाला यांच्याशी शेवटच्या रुपयापर्यंत घासाघीस करणे, हे सगळे या वचनांच्या कक्षेत येते. ख्रिस्ती शाळा, दवाखाने आणि ट्रस्ट चालवणाऱ्यांना तर ते दुप्पट लागू आहे: शिपायाचा आणि आयाबाईंचा पगार थकवून वर्धापनदिन साजरा करता येत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. महिन्याच्या सुरुवातीला आधी मजुरी आणि उसनवारी चुकवा, मग दशांश काढा. मजुरीची रक्कम आपली नसतेच, ती दुसऱ्याची असून आपल्याकडे पडून असते. दुसऱ्याच्या पैशातून अर्पण कसे करणार?

लेवीयाच्या त्याच अध्यायात खऱ्या तराजूची आणि खऱ्या मापांची आज्ञा आहे. आज तराजूच्या जागी फ्लॅटच्या व्यवहारातला दोन नंबरचा पैसा आला आहे, खोटी बिले आली आहेत, रजेसाठी आणलेले खोटे मेडिकल सर्टिफिकेट आले आहे. “सगळेच करतात” हे खरे असेल. आपल्याला बोलावलेच आहे ते वेगळे वागायला.

आणि मार्क ७ मधला इशारा विसरू नका: आईवडिलांना द्यायचे ते देवाला वाहून टाकले असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने ढोंगी म्हटले. मंडळीच्या कामात रात्रंदिवस धावणाऱ्या माणसाच्या घरी म्हातारी आई औषधाविना असेल, तर तिची सेवा हेच त्याचे मंडळीतले पहिले काम.

जातीला बाप्तिस्मा न देणे

याविषयी आपल्यात कुजबुज होते, उघड बोलणे होत नाही. आपल्या पूर्वजांपैकी कोण कुठल्या वस्तीतून आले हे पिढ्यानुपिढ्या लक्षात ठेवले जाते आणि लग्नाचे स्थळ पाहताना बाहेर येते. मुलगा विश्वासणारा आहे, नोकरी आहे, स्वभाव चांगला आहे, “पण ते लोक मूळचे…” इथे वाक्य अर्धे सुटते आणि स्थळही सुटते. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बस म्हणणे याला पाप म्हटले आहे. गलतीकरांस ३:२८ आपण व्यासपीठावरून वाचतो. ते बैठकीच्या खोलीत का वाचत नाही?

लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण जातीचा विटाळ त्यांनी त्याच्या आधीच मनातून काढला होता. भेद देवाने केलेला नाही हे पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. कर्मठ वळणात वाढलेल्या बाईने विचार आणि कृती यांत अंतर ठेवले नाही. चार-पाच पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांनी तर मागे राहण्याचे काहीच कारण नाही. पुढचे स्थळ येईल तेव्हा घराण्याचा तो प्रश्न घरात कोणी काढलाच, तर मोठ्यांनी तिथेच थांबवावा.

बक्षिसाची अपेक्षा आणि “कृपा आहेच” ही पळवाट

या दोन चुका एकमेकींच्या उलट आहेत. एक जण म्हणतो, मी सगळे पाळतो तरी माझ्याच घरी आजारपण का? दुसरा म्हणतो, तारण कृपेने आहे, मग एवढा काच कशाला? इफिसकरांस २:८-१० सलग वाचले तर दोघांनाही उत्तर मिळते: तारण कर्मांनी नाही, आणि ते झाले आहे ते सत्कर्मांसाठी. आज्ञा पाळणे हा देवाशी केलेला सौदा नव्हे. आजारी पडलेल्या विश्वासणाऱ्याला “कुठे तरी पाप लपले असेल” असे सांगायला जाऊ नका. संकटात सापडलेल्या ईयोबाला तेच सांगणाऱ्या त्याच्या मित्रांना देवाने रागे भरले होते.

बोलण्यातली साक्ष कामाच्या पुढे धावणे

ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकणारा माणूस कामाची फाइल चार दिवस दाबून ठेवत असेल, तर सहकाऱ्यांच्या लक्षात फाइलच राहते. आपापले काम करा, हातांनी कष्ट करा, म्हणजे बाहेरच्या लोकांशी तुमची वागणूक सभ्यतेची राहील, असे पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो (१ थेस्सलनीका ४:११-१२). वेळेवर या, केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याला द्या, गैरहजर माणसाची निंदा सुरू झाली की विषय बदला. येशूविषयी कोणी विचारले तर मोकळेपणाने सांगा.

तीच चूक पुन्हा झाल्यावर फक्त रडणे

राग, दारू, मोबाइलवर नको ते पाहणे, खोटे बोलण्याची सवय: कबुली, अश्रू, निश्चय आणि पुन्हा तेच, असे चक्र अनेकांना ठाऊक आहे. पेत्र या शिष्याने येशूला तीनदा नाकारले आणि येशूने त्याला तीनदा विचारून पुन्हा कामाला लावले (योहान २१), तेव्हा निराश होण्याचे कारण नाही. पण नुसत्या निश्चयावर भिस्त ठेवू नका. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. मंडळीत असा एक पोक्त माणूस शोधा जो बाहेर बोलणार नाही, आणि त्याला दर आठवड्याला विचारण्याचा अधिकार द्या. पापाकडे नेणारी वाट तोडा: फोन रात्री दुसऱ्या खोलीत, पगार थेट पत्नीच्या खात्यात, ज्या मित्रांत बसल्यावर पिणे होतेच त्यांच्याकडे जाणे बंद. व्यसन जुने असेल तर डॉक्टर आणि व्यसनमुक्ती केंद्रही हवे. प्रार्थना करणाऱ्याने औषध घेऊ नये असे शास्त्र कुठेही सांगत नाही.

आणि ज्यात दुसऱ्याचे नुकसान झाले आहे, तिथे कबुलीनंतर भरपाई येते. जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे बोलून दाखवले. गणना ५:७-८ मध्ये मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश द्यायला सांगितले आहे. ज्याचे देणे लागतो तो हयात नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला द्यावे, आणि नातलगही नसेल तर ते परमेश्वराचे व्हावे, अशी पुढची सोयही तिथेच आहे. जुने देणे फेडायला माणूस उरला नाही म्हणून सुटका होत नाही: त्याच्या मुलांचा पत्ता काढा, नाही सापडला तर ती रक्कम गरजूंसाठी द्या आणि ती का देत आहात हे पाळकांना सांगा. नुकसान पैशाचे नसून बदनामीचे असेल, तर ज्या माणसांसमोर खोटे बोललात त्यांच्याकडेच परत जा आणि नाव घेऊन सांगा की ते खरे नव्हते.