शेजारी नवरा बायकोला मारतोय? मंडळातल्या पोरांनी काय करायचं

अशा वेळी काय करायचं ते शिकायला मंडळातल्या पुरुषांची बैठक घ्या. पंधरा-वीस जण पुरेत. पन्नास जमले की नुसती भाषणं होतात. बैठक पारावर नको, येणारे-जाणारे टोमणे मारतात. शाळेची खोली मागून घ्या. पहिल्याच दिवशी कायदा काढलात तर माणसं हाताची घडी घालून बसतात. त्यापेक्षा सराव घ्या: आरडाओरड ऐकू आली, की दोघांनी जाऊन बेल वाजवायची, 'वाटीभर साखर मिळेल का?' एवढंच विचारायचं. घरातल्या मारहाणीविरुद्धच्या २००८ च्या 'बेल बजाओ' मोहिमेची हीच युक्ती. नवऱ्याला तिथंच जाब विचारू नका. तो राग नंतर तिच्यावर निघतो. जिवावर बेतलं तर थेट ११२ ला, म्हणजे पोलिसांना, फोन लावा. दुसऱ्या दिवशी तिला काय हवंय ते एखाद्या विश्वासू बाईकरवी विचारा, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पोचवा. समेटाची पंचायत मात्र भरवू नका.