बाहेरच्या ड्राइव्हवरून संगणक सुरू होत नसेल तर

पुण्यात कोथरूडच्या घरी ज्या बाह्य एसएसडीवरून (फिरती तबकडी नसलेल्या ड्राइव्हवरून) उबुंटू ही लिनक्स प्रणाली विनातक्रार सुरू होत असे, तीच एसएसडी मी हिंजवडीच्या कार्यालयातील संगणकाला जोडली की पडद्यावर बूट होण्याजोगे साधन सापडले नाही, एवढाच संदेश येत असे. अशा वेळी ड्राइव्ह बिघडला असे गृहीत धरून तो फॉरमॅट करायला घेऊ नये. संगणक नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो, हे आधी ठरवावे.

संगणक सुरू करताच बूट मेनू, म्हणजे कोणत्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचे याची यादी, उघडावा. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांवर त्यासाठी एफ१२ आणि एचपीवर एफ९ ही कळ असते. यादीत ड्राइव्हचे नावच नसेल, तर केबल, पोर्ट आणि वीजपुरवठा यांकडे प्रथम पाहावे. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर आणि ३.० चा पोर्ट ९०० मिलीअँपिअर वीज देतो. तबकडी फिरणाऱ्या अडीच इंची हार्ड डिस्कला मात्र फिरू लागण्याच्या क्षणी याहून अधिक वीज लागू शकते, आणि ती न मिळाल्यास डिस्क टिक-टिक आवाज करून पुन्हा शांत होते. म्हणून हब मध्ये न घेता ड्राइव्ह थेट संगणकाच्या मागील पोर्टला जोडावा आणि केबल बदलून पाहावी. तपकीर गल्लीत स्वस्तात मिळालेली केबल केवळ चार्जिंगची निघू शकते, हा खर्च वाचवण्यात अर्थ नाही. यानंतरही नाव दिसले नाही, तर फर्मवेअरच्या (संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये यूएसबीवरून बूट होण्याची मुभा बंद ठेवलेली नाही ना, हे तपासावे. कार्यालयीन यंत्रांवर ती अनेकदा मुद्दाम बंद असते. तेथे आयटी विभागाला विचारल्याशिवाय काही बदलू नये.

नाव दिसते, पण निवडल्यावर संगणक पुन्हा मेनूवर येतो, हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने तयार केलेला असेल आणि यंत्र केवळ यूईएफआय ही नवी फर्मवेअर पद्धत जाणत असेल, तर तो सुरू होणार नाही. सिक्युअर बूट या सुरक्षा सोयीमुळेही डिजिटल सही नसलेला बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) नाकारला जातो. ही सोय बंद करून पाहता येते. मात्र यंत्रात विंडोज आणि तिचे बिटलॉकर हे डिस्क-कुलूप असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी, कारण या बदलानंतर ती मागितली जाऊ शकते.

माझ्या बाबतीत दोष यांपैकी कशातच नव्हता. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडरसाठी बाह्य ड्राइव्ह निवडला, तरी बूटलोडर घरच्या संगणकातील अंतर्गत डिस्कच्या ईएफआय विभाजनात (बूटलोडरसाठी राखलेल्या भागात) लिहिला जात असे. त्यामुळे प्रणाली एसएसडीवर आणि तिची किल्ली घरातच, अशी अवस्था झाली होती. याची खूण सोपी आहे: एसएसडी काढून घरचा संगणक सुरू केला, की विंडोजऐवजी ग्रब या उबुंटूच्या बूटलोडरचा काळा पडदा समोर येतो. यूईएफआय बूटच्या नोंदी त्या-त्या यंत्राच्या स्मृतीत ठेवते. अनोळखी यंत्र मात्र बाह्य ड्राइव्हवर ईएफआय फोल्डरातील बूट या उपफोल्डरात ठरावीक नावाची फाइल शोधते. ती नसेल तर पुढे काही घडत नाही.

उपाय असा: एसएसडीवर सुमारे ३०० एमबीचे, फॅट३२ स्वरूपाचे विभाजन करावे, त्याला ईएफआय सिस्टिमचा दर्जा द्यावा आणि घरी उबुंटू सुरू करून जुन्याऐवजी हे नवे विभाजन बूटखालील ईएफआय या जागी जोडावे. त्यानंतर ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा रिमूव्हेबल या पर्यायासह चालवली, की ती फाइल योग्य जागी लिहिली जाते. कोणते विभाजन कोठे जोडायचे हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्येही नव्या विभाजनाचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक नोंदवण्यास विसरू नये. विभाजन बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

ग्रबचा मेनू येऊनही पुढे इनिट्रॅमएफएसचा (प्रारंभीच्या तात्पुरत्या प्रणालीचा) प्रॉम्प्ट दिसत असेल, तर ड्राइव्ह जागा होण्यापूर्वीच प्रणालीने त्याचा शोध सोडून दिलेला असू शकतो. ग्रबमधील कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) ओळीत रूटडिले, म्हणजे ड्राइव्हसाठी थांबण्याचा अवधी, १० सेकंद ठेवून पाहावे. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे ठाऊक असूनही ड्राइव्ह चालू ठेवलेला असेल, तर फाइल प्रणालीच बिघडलेली असण्याचा संभव धरावा आणि लाइव्ह (उबुंटू थेट चालवणाऱ्या) पेनड्राइव्हवरून, विभाजन न जोडता, एफएससीके ही फाइल प्रणाली तपासणारी आज्ञा चालवावी.

विंडोजबाबत एवढेच, की तिचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबी ड्राइव्हवर बसवण्यास नकार देतो आणि त्यासाठीची विंडोज टू गो ही सोय २०२० मध्ये आलेल्या, २००४ हा क्रमांक असलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आली. टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या इंटेल मॅकवर बाह्य माध्यमातून सुरू होण्याची परवानगी स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीमध्ये स्वतंत्रपणे द्यावी लागते.